थोराचा उजेड

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं! पुढच्या हंगामाची सुरुवात ‘नोव्हेंबरची बोट’ या नाटकाने. नाट्यगृहाला पन्नास वर्षं होतात म्हणून. दिग्दर्शिका शिकागोहून येणार, नदीन प्रुइट.

बातमी आमच्या फळ्यावर लागायच्या आत अख्ख्या डुलुथ गावात झाली होती. सकाळी कॉफीला थांबले, तर काउंटरवरच्या बाईने कुणाची तरी रिकामी बशी उचलली आणि गळा काढून म्हणाली, “चौथं ताट उचल, एल्से!” सगळं दुकान हसलं. या गावात ते वाक्य कुणाला शिकवावं लागत नाही. शाळेत असताना प्रत्येकाने एकदा तरी हे नाटक केलेलं असतं. मी केलं नाही. मी तेव्हाही दिव्यांपाशीच होते.

दुपारी जेवताना एकच विषय — थोराचं काम कोण करणार? मलाही विचारलं. म्हटलं, माझं काही मत नाही. माझं काम दिवे लावण्याचं. खाली कोण उभं राहणार ते ठरलं की कळवा.

चक्क खोटं बोलले.

४ फेब्रुवारी

मार्लिस हाउगेन. दुसरं नाव मनात येतच नाही.

इथे लिहिलं, बाहेर बोलणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संहिता परत वाचली. गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना काहीच वाटत नाही. थोराचा मुलगा खनिज वाहून नेणाऱ्या बोटीवर कामाला. इथल्या समुद्राएवढ्या तळ्यावर नोव्हेंबरचं वादळ. बोट परत येत नाही. थोरा रोज रात्री चार ताटं मांडते — नवऱ्याचं, मुलीचं, स्वतःचं आणि त्याचं. दोन अंक ती कुणाला त्या चौथ्या ताटाला हात लावू देत नाही. शेवटी टेबलावरून उठते, पुढे येते. संहितेत तिथे कंसात फक्त एवढंच आहे: थोरा उजेडात येते. आणि मुलीला म्हणते, “चौथं ताट उचल, एल्से. आता आपण तिघंच.” पडदा.

आजवर झाडून सगळ्या थोरा त्या उजेडात आल्या आहेत. आमच्या शाळेतली तर रडत रडत आली होती आणि दिव्याच्या वायरीत अडकून पडली होती.

मार्लिसबाईंनी या नाटकात एल्से केली, ऐन तारुण्यात. मग शेजारीण केली. पुढच्या वेळी पुन्हा शेजारीणच. आता त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. हे नाटक इथे पंधरा-वीस वर्षांतून एकदा निघतं. या खेपेला नाही, तर नाहीच.

तीन हंगाम मी वरच्या, दिव्यांच्या बूथमधून त्यांना पाहते आहे. मला अभिनयातलं कळत नाही. मला वेळ कळते, अंतर कळतं. बाकीचे नट समोरच्याचं बोलणं संपायची वाट पाहतात — वरून ते स्पष्ट दिसतं, मान आधीच वळायला लागते. मार्लिसबाई ऐकतात. तेच वाक्य, रोज रात्री, आणि दर वेळी त्यांना ते ठाऊक नसतं! गेल्या वर्षी एका प्रयोगात पहिल्या रांगेत कुणाला तरी खोकल्याची जोरदार उबळ आली. त्या थांबल्या. वाक्याच्या मधोमध, चहाच्या कपाकडे बघत. खोकला संपला, मग उरलेलं अर्धं वाक्य आलं. प्रेक्षकांना वाटलं, बाईला शब्द सापडत नव्हता. माझं बोट बटणावर होतं. मलासुद्धा तसंच वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुसरं नाव आलं. जोआना रीस. टीव्हीवरच्या त्या इस्पितळाच्या मालिकेतली मोठी डॉक्टरीण. मूळची पुलापलीकडची, सुपीरियर गावची. गावची मुलगी परत येते आहे म्हणून व्यवस्थापनाला आनंदाचं भरतं आलंय.

ड्वेन तर आधीच तिच्या बाजूचा. ड्वेन आमचा मुख्य वायरमन, माझा वरिष्ठ. बोलताना तोंडात सदैव डोनट.

“तिचा चेहरा पोस्टरवर टाकला की तिकिटं संपली.”

“मार्लिसबाईंचा?”

“मार्लिसचा चेहरा लोक रोज किराणा दुकानात फुकट बघतात. त्याला पैसे कोण देईल?”

“माझं काही मत नाही,” मी म्हटलं.

“हो ना. म्हणून तर कान लाल झाले तुझे.”

१९ फेब्रुवारी, बुधवार

नदीन प्रुइट आली. लहानखुरी बाई. डोक्यावरची लोकरीची टोपी आत आल्यावरही काढत नाही. इतकं हळू बोलते की माणसं आपोआप पुढे वाकतात. थोरासाठी आता दोघीच उरल्या आहेत. दोघींचं शेवटचं वाचन ती रंगमंचावर घेणार, फक्त शेवटचा प्रवेश. टेबल, खुर्च्या, चार ताटं आणि तो एक उजेड. बाकी काळोख.

“बाकी सगळं कच्चं असलं तरी चालेल,” मला म्हणाली. “उजेड खरा हवा. कडा स्वच्छ.”

कडा स्वच्छ! असं सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

नवा एलईडी लावला. हे दिवे यावेत म्हणून मी दोन वर्षं भांडले होते. गेल्या महिन्यात आले. जमिनीवर जेवणाच्या टेबलाएवढा गोल पडतो. आत लख्ख, बाहेर काळोख, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ.

२० फेब्रुवारी

मार्लिसबाई मागच्या दाराशी भेटल्या. बुटांचा बर्फ झटकत होत्या.

“दिवा तूच लावतेयस ना गं?”

“हो.”

“नव्यातला?”

“हो. पाव वीज लागते त्यांना.”

“बरंय. मीही हल्ली कमीच खाते.” मग हसल्या. “पण थंड असतात हं तुझे दिवे. मासळीच्या दुकानातल्यासारखे. त्यांच्याखाली उभं राहिलं की आपला भाव किती लावलाय ते बघावंसं वाटतं.”

मी हसले नाही. हसायला हवं होतं. घरी आल्यावर हसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाचन झालं.

आधी जोआना रीस. मला ती वाईट निघायला हवी होती. निघाली नाही. नाटकी नाही, नखरे नाहीत, आल्याबरोबर ड्वेनला नावाने नमस्कार. टेबलावरून उठली, चार पावलांत आली, नेमकी गोलाच्या मध्यावर थांबली. खाली पाहिलंसुद्धा नाही. उजेड तिच्या कपाळावरून खाली उतरला, आणि ते वाक्य यायच्या आधीच चेहऱ्यावर दिसलं. वाक्य म्हटलं तेव्हा आवाज चिरकला नाही, फक्त बारीक झाला. उत्तम. हे लिहायलाच हवं — उत्तम.

मग मार्लिसबाई. ताटाकडे पाहत उठल्या. आल्या. आणि थांबल्या — उजेडाच्या अगदी कडेशी, अलीकडे!

बुटांची टोकं उजेडात. वर सगळा अंधार. त्या अंधारातूनच वाक्य आलं.

ड्वेन माझ्या कानाशी पुटपुटला, “म्हातारी चुकली.”

नदीन खालच्या रांगेत बसलेली. मग हेडसेटवर मला, “ब्रिटा, दिवा जागेवर आहे ना?”

“हो.”

“बरं.”

एवढंच. पुढच्या सोमवारी दोघींना परत बोलावलं आहे.

मार्लिसबाई चुकत नाहीत. चारशे प्रयोगांत चुकल्या नाहीत. मग आज का?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं!

सकाळी ड्वेनला सहज विचारलं — जुने नट दिवा कसा शोधायचे?

“गालाने.”

“म्हणजे?”

“अगं, समोर काळोख, डोळ्यात झोत, दिसतं काय कप्पाळ? गाल तापला की थांबायचं. हॅलोजनखाली उभं राहा, कळेल. आमच्या वेळी एक आजोबा होते, त्यांना दुपारच्या प्रयोगाला झोप यायची, पण झोपेतसुद्धा उजेडात येऊन उभे राहायचे.”

करून पाहिलं. डोळे मिटून नव्या दिव्याकडे चालत गेले: काही नाही. आत आले तेही कळलं नाही. मग गोदामातला जुना हॅलोजन पेटवला, परत चालत गेले. कडेशी येताच उजवा गाल, कान, मान, सगळीकडे ऊब. आंधळ्यालाही चुकायचं नाही.

थंड असतात तुझे दिवे. बाईंनी मला सरळ सांगितलं होतं, आणि मी वीजबिल ऐकवलं.

जोआना रीस टीव्हीवरची. तिला थंड दिव्यांची सवय आहे. मार्लिसबाईंची सगळी हयात गरम दिव्यांखाली गेली. त्या चुकल्या नाहीत. मी त्यांची खूण पुसली.

२६ फेब्रुवारी

काय करता येईल —

गोल हातभर मोठा करणं. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दुसरीने तो लहान गोल अचूक पकडला आहे. एकीला अवघड आणि एकीला सोपा उजेड द्यायचा? नाही.

नदीनला सांगणं. ती म्हणेल, म्हणजे या बाईला दिवा सापडत नाही तर. नाही.

मार्लिसबाईंना सांगणं. काय म्हणून? की तुम्ही अंधारात उभ्या होतात? त्यांना माहीत नसेल तर? नाही, नाही.

जुना दिवा लावणं. तीच जागा, तोच गोल, तीच कडा, रंग जुळवून घेता येईल. दोघींना सारखाच. फक्त गरम. यात अन्याय कुणावरच नाही.

दोनदा तपासलं. कुणावरच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ड्वेन शिडी धरून उभा.

“इंजिनियर, दोन वर्षं या नव्या दिव्यांसाठी माझं डोकं खाल्लंस.”

“हो.”

“आणि आता हा जुना डबा वर चढवायचा.”

“हो.”

“कारण?”

“रंग.”

“रंग म्हणे!” त्याने तो डबा माझ्या हातात दिला. “नीट आवळ. रंग कुणाच्या डोक्यात पडायला नको.”

२८ फेब्रुवारी

जुना दिवा पेटला की आधी धूळ जळल्याचा वास येतो. विसरलेच होते. लहानपणी मला हाच नाटकाचा वास वाटायचा.

३ मार्च, सोमवार

दुसरं वाचन.

जोआना रीस आली, उजेडात शिरली आणि तिचा चेहरा जरासा सैलावला. उबेने! मागच्या वेळेपेक्षाही चांगली झाली. शेवटचं “तिघंच” इतकं हळू म्हणाली की मला मान पुढे काढावी लागली. हा दिवा मी तिच्यासाठी लावला नव्हता. दिव्याला ते कळत नाही.

मग मार्लिसबाई. ताट. खुर्ची. उठल्या. चालत आल्या, आता कडा येईल, आता गालाला लागेल —

थांबल्या. तिथेच. त्याच जागी. कडेबाहेर. बुटांची टोकं उजेडात.

त्या बोलल्या. मी काही ऐकलंच नाही. मी कडेकडे बघत होते.

शेजारी ड्वेन नाक पुसत होता. सर्दी, म्हणाला.

नदीनने दोघींचे हात हातात घेतले, आभार मानले, टोपी कानांवर ओढली आणि गेली. मला हेडसेटवर काही विचारलं नाही. या खेपेला “बरं”सुद्धा नाही.

४ मार्च, मंगळवार

माझा तर्क चुकला. उष्णता असूनही तेच झालं, म्हणजे कारण उष्णता नव्हतं. मग डोळे. किंवा गुडघे. किंवा वय. मला यातलं काही लिहायचं नव्हतं.

संध्याकाळी किराणा दुकानात गेले, तर बटाट्यांपाशी मार्लिसबाई! मी पावाच्या फळीआड झाले.

“ब्रिटा, तो पाव कालचा आहे. खालचा घे.”

गेले पुढे. हवामान बोलले. बर्फ बोलले. बटाट्यांचं बरं आहे म्हणाले!

“नदीनने कुणाला काही कळवलं का गं?”

“नाही.”

“मलाही नाही.” हातातला बटाटा दाबून बघत होत्या, ठेवत नव्हत्या. “एल्से झाले. शेजारीण झाले. परत शेजारीण झाले. आता त्या नाटकात माझी फक्त बोट व्हायची राहिलीय.”

मी हसले. या वेळी तिथेच.

त्या हसल्या नाहीत. “हवीय गं मला ती,” म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, मीठ संपलंय म्हणावं तसं. “इतकं हवंसं वाटणं या वयात शोभत नाही. पण हवीय.”

मग बटाटा पिशवीत टाकला आणि पैसे द्यायला गेल्या. मी पाव न घेताच घरी आले.

५ मार्च

ड्वेन सांगत होता, जोआना रीसची कामं ठरवणाऱ्या माणसाचा फोन आला होता. शरद ऋतूतल्या तारखा मोकळ्या आहेत म्हणून. त्याने ते हळू आवाजात सांगितलं. डोनट अर्धा मोडून मला दिला. त्याला आनंद झालेला दिसला नाही.

६ मार्च, गुरुवार

शेवटी नदीनकडे गेले. काही लपवून बसणं मला जमत नाही, हिशेब लागत नाही. म्हटलं, तुम्हाला न सांगता दिवा बदलला होता.

“माहीत आहे. वास आला.” खिडकीतून तळ्यावरचा बर्फ बघत होती. “दिवा चांगला होता. का बदललास?”

“प्रयोगात गोल जरा मोठा करता येईल,” मी भलतंच बोलले. “हातभर. कडा थोडी मऊ ठेवली तर नटांना —”

“कुणासाठी?”

“कुणासाठीही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या प्लगकडे.

“नको. कडा आहे तिथेच राहू दे. आणि मऊ तर मुळीच करू नकोस. मला ती कडाच हवी आहे.”

झालं. ज्याला कडा हवी, त्याला कडेच्या आत अचूक उभं राहणारं माणूस हवं. तिचं चुकत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही —

नाही. मी नसतं केलं.

कारण माझ्याकडे नाही. मोजून दाखवता येईल असं काहीच नाही. एक बाई खोकला संपेपर्यंत चहाच्या कपाकडे बघत राहिली होती, एवढंच आहे माझ्याकडे.

७ मार्च, शुक्रवार

फळ्यावर लागलं. थोरा — मार्लिस हाउगेन!!

मी शिडीवर होते. ड्वेन खालून ओरडला. उतरले, तर त्या समोरच उभ्या, कोट अंगात, डोळे ओले. अभिनंदन म्हटलं. आणि वर शहाणपणा केला — काळजी करू नका, तालमीत मी जमिनीवर खूण चिकटवून ठेवीन, दिवा बरोबर सापडेल तुम्हाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी कळलंच नाही त्यांना. मग कळलं.

“अगं, सापडला होता की. दोन्ही वेळा.” माझ्या बाहीवरची धूळ झटकली. “पण पोरी, असलं वाक्य कुणी उजेडात बोलतं का?”

मग वर बघून म्हणाल्या, “आणि तो जुना डबा काढ. बाहेर उभं राहिलं तरी झळ लागते.”